रक्त जातं कुठे?

मंडळी, गेल्या दोन व्याख्यानांत आपण पचनसंस्था आणि श्वसनसंस्था पाहिल्या. आज रक्ताभिसरण. शाळेच्या पुस्तकात हे तीन वेगळे धडे असतात. इतिहासात मात्र ते एकमेकांत घट्ट गुंतलेले होते, आणि घोटाळा तिथेच झाला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधता बांधता शिकला, पुढे रोममध्ये सम्राटाचा वैद्य झाला. माणसाचं शव फाडायची सोय नव्हती, म्हणून त्याने माकडं आणि डुकरं फाडली. त्याचं म्हणणं असं: अन्न पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं रक्त बनतं, आणि ते शिरांतून शरीरभर पोचून तिथेच खर्ची पडतं. पाटाचं पाणी शेतात जिरावं तसं. परत यायचा प्रश्नच नाही! थोडं रक्त मात्र हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे झिरपतं, मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून. आणि तिथे फुप्फुसातून आलेली हवा त्याला मिळते.

ही छिद्रं दिसत नाहीत. पण ती नाहीत म्हटलं, तर पचन, श्वसन, हृदय अशी सगळी मांडणीच ढासळते. म्हणून न दिसणारी छिद्रं हजार-बाराशे वर्षं तशीच राहिली. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस याने स्पष्ट लिहिलं, की पडदा भरीव आहे, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं. त्याचं हे लिखाण १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरला सापडेपर्यंत बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. व्हेसेलियसने पाडुआत स्वतःच्या हाताने माणसांची शवं फाडली. १५४३ च्या ग्रंथात तो छिद्रांबद्दल नुसतं आश्चर्य करतो. १५५५ च्या आवृत्तीत मात्र, रक्त पलीकडे जातं कसं ते मला कळत नाही, असं म्हणण्यापर्यंत येतो.

विल्यम हार्वे याच पाडुआत शिकला. शिरांमध्ये झडपा असतात हे त्याचे गुरू फाब्रिसियस यांनी दाखवलं होतं. पण त्यांच्या मते त्या रक्ताचा वेग कमी करायला होत्या. हार्वेने दंडाला पट्टी बांधली, फुगलेल्या शिरेवर बोट दाबून दुसऱ्या बोटाने रक्त वर सारलं. ते झडपेपलीकडे गेलं आणि खाली येईना. घरी करून बघा, चाकू लागत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा गुणाकार. एका ठोक्याला हृदय अर्धा औंस रक्त ढकलतं असं समजा. अर्ध्या तासात निदान हजार ठोके. म्हणजे पाचशे औंस, चौदा-पंधरा किलो! शरीरात असतं पाचेक लिटर. एवढं रक्त यकृत कुठल्या जेवणातून बनवणार? मग तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. आणि अर्धा औंस हा आकडाही कमीच. खरं तर एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर बाहेर पडतं. हे पुस्तक १६२८ साली फ्रँकफर्टला छापलं. त्यानंतर हार्वेचे रुग्ण कमी झाले, असं ऑब्री हा त्याचा चरित्रकार सांगतो. धमन्यांतून रक्त शिरांत जातं कुठून, हे हार्वेला दाखवता आलं नाही. तो १६५७ साली वारला, आणि १६६१ मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या.

पण खाटेवरच्या रोग्याचं काय? रक्त एका जागी साचतं, जास्त होतं, म्हणून काढून टाकायचं, ही पद्धत जुन्या समजुतीवर उभी. रक्त सतत फिरतंय म्हटल्यावर तिचा आधार जायला हवा होता. गेला नाही. स्वतः हार्वेसुद्धा रक्त काढण्याच्या बाजूचाच होता. १४ डिसेंबर १७९९ रोजी घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचं एका दिवसात अनेकदा रक्त काढलं, आणि त्याच रात्री ते गेले. तेव्हा हार्वेच्या पुस्तकाला १७१ वर्षं झाली होती.

पुढच्या वेळी मूत्रपिंडांकडे वळू.