अहमदाबाद ते जुहू : अंतर आणि वेळ

मुंबई आणि अहमदाबाद या शहरांमधील अंतर आकाशमार्गानें सुमारे ४४० किलोमीटर, तर लोहमार्गानें सुमारे ४९० किलोमीटर आहे. अंतरांतील हा भेद अल्प आहे. वेळेंतील भेद मात्र मोठा आहे. या वेळेचा इतिहास पालघर आणि बोईसर-तारापूर या वाटेवरच्या मुलुखाला विशेष लागू पडतो.

१९२९ सालीं इंग्लंडचें टपाल विमानानें कराचीस येऊं लागलें. परंतु पुढील प्रवासास आगगाडीच मिळे, आणि हवेंत वांचविलेला वेळ जमिनीवर खर्चीं पडे. ही उणीव भरून काढण्यासाठीं टाटांची हवाई टपालसेवा निघाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा यांनीं एका इंजिनाचें ‘पुस मॉथ’ विमान घेऊन कराची सोडली. अहमदाबादेस बैलगाडीनें आणलेल्या डब्यांतील पेट्रोल विमानांत भरण्यांत आलें, आणि दुपारीं दोन वाजण्यापूर्वींच टपाल जुहूच्या मैदानावर उतरलें.

त्या विमानाचा वेग ताशीं सुमारे १६० किलोमीटर होता. या हिशेबानें अहमदाबाद ते जुहू हा प्रवास पावणेतीन तासांचा होतो. बोईसरपासून जुहू सरळ रेषेंत सुमारे ८० किलोमीटर; म्हणजे अवघ्या अर्ध्या तासाची वाट. तथापि आकाशांत जिंकलेल्या या वेळेवर जमिनीचा अंमल कायम होता. पावसाळ्यांत जुहूचें मैदान निरुपयोगी होई आणि विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

आज जेट विमान मुंबई-अहमदाबाद अंतर सुमारे एका तासांत कापतें. परंतु विमानतळ गाठणें, तपासणी, सामानाची वाट पाहणें, यांत त्याहून अधिक वेळ जातो. बोईसरच्या प्रवाशाची स्थिति तर चमत्कारिक आहे. उत्तरेस अहमदाबादकडे उडण्यासाठीं त्याला प्रथम दक्षिणेस मुंबईला यावें लागतें. आणि मग विमान त्याला जवळजवळ त्याच्याच गांवाच्या दिशेनें परत नेतें! आकाशांतील वेगाचा लाभ वाटेवरच्या गांवाला सहसा मिळत नाहीं.

आगगाडीची गोष्ट निराळी. १८६४ सालीं गुजरातेंतून आलेला लोहमार्ग मुंबईस पोहोंचला. ती गाडी विमानाच्या मानानें मंद खरी, परंतु ती वाटेंत थांबते. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें. तेथील कामगारांना आणि पुढें वाढलेल्या औद्योगिक वसाहतीला बोईसरचें स्थानकच जवळचें ठरलें. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेच्या ५०८ किलोमीटरांच्या मार्गावर १२ स्थानकें योजिलीं आहेत, आणि त्यांत बोईसरचें नांव आहे. प्रत्येक थांब्यानें गाडीचीं कांहीं मिनिटें खर्च होतील; पण त्याच मिनिटांवर या मुलुखाचा हक्क आहे.