छात्राध्यापकांची गणती

सरकारी तक्ते हें इतिहासाचें सर्वांत विश्वसनीय साधन होय, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत रूढ आहे. बखरकार पक्षपात करतो, कवि अलंकार चढवितो, पण आंकडा मात्र खोटें बोलत नाहीं, असें आपण सहज गृहीत धरतों. ही समजूत अगदींच निराधार नाहीं. तथापि आंकडा कोणीं लिहिला, कोणत्या दिवशीं लिहिला आणि लिहिल्यावर तो कोणीं पडताळून पाहिला, हें ज्यानें विचारिलें नाहीं त्यानें तक्त्यांवर विसंबून इतिहास लिहूं नये, असें आमचें मत आहे. या मताच्या पुष्टीसाठीं आम्ही एक लहानसाच विषय घेतों. परभणी जिल्ह्यांत शिक्षक होण्यासाठीं नव्यानें शिकूं लागलेल्या तरुणांची, म्हणजे छात्राध्यापकांची, गणती कशी होते व कशी तपासावी, हा तो विषय होय.

शिक्षक किती, हा एक प्रश्न. शिकवावयास शिकलेले शिक्षक किती, हा दुसरा. हा भेद इंग्रजी अंमलांत स्पष्ट होऊं लागला. १८५४ च्या वूडच्या खलित्यांत शिक्षक तयार करणाऱ्या शाळांवर भर होता. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळांतले थोडेच शिक्षक ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले आहेत, बाकीचे तसे शिकलेले नाहींत, अशी तक्रार केली. आणि शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून, योग्य शिक्षण देऊन घ्यावेत, अशी मागणी केली. अध्यापनशाळेंत शिरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ही केवळ खात्याच्या दप्तराची बाब नाहीं, पुढच्या पिढीच्या अक्षरओळखीची ती आगाऊ सूचना आहे, हें त्या निवेदनावरून ध्यानांत येतें.

परभणी मात्र त्या वेळीं इंग्रजी मुलुखांत नव्हती, निजामाच्या राज्यांत होती. तेथील कागदपत्रें वाचूं लागणाऱ्यास पहिली ठेंच कालगणनेची लागते. हैदराबादचें सरकारी वर्ष फसली. तें आझुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यांत, सुरू होई. फसली १३३० म्हणजे इसवी १९२० चे शेवटले तीन महिने आणि १९२१ चे पहिले नऊ. मुंबई इलाख्यांतील आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपे. हे दोन तक्ते शेजारीं ठेवून अमुक वर्षीं मराठवाडा इतका मागें होता, असें जो लिहितो, तो दोन निरनिराळ्या बारमाही काळांची तुलना करीत असतो.

दुसरी ठेंच याहून मोठी आहे. राज्यांतील सुमारे चौथाई प्रजेची भाषा मराठी, पण वरच्या शिक्षणाची वाट उर्दूची होती; १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठहि उर्दू माध्यमाचेंच. १९२४ च्या सुमारास खासगी शाळांवर सरकारी परवानगीचें बंधन आलें. ज्या शाळेस परवानगी नाहीं ती शाळा तक्त्यांत नाहीं, आणि तींत शिकविणारा पंतोजीहि तक्त्यांत नाहीं. त्यानें शंभर पोरांस बाराखडी शिकविली असली तरी सरकारी हिशेबीं तो शून्यच. १९३७ सालीं, त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत असलेल्या परतूर येथें, महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. मराठी मुलखाचें गाऱ्हाणें मांडावयास सरकारी तक्ते पुरेसे असते, तर लोकांस स्वतंत्र परिषद भरविण्याची गरज कदाचित् पडली नसती.

तिसरी ठेंच सीमेची. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ सालीं आठ लक्षांवर होती; १९०१ सालीं ती सुमारे साडेसहा लक्षांवर आली. पुढें १९९१ सालीं ती २१ लक्षांवर होती आणि २००१ सालीं १५,२७,७१५ भरली. तक्त्यांत दोन्ही उतार सारखेच दिसतात. पण पहिल्याच्या पाठीशीं १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ उभा आहे. दुसऱ्याच्या पाठीशीं १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाल्याची अधिसूचना. एका उतारांत माणसें मेलीं, दुसऱ्यांत केवळ रेघ सरकली. परतूरहि १९८१ सालीं जालना जिल्ह्यांत गेलें. तेव्हां परभणींत शिकणाऱ्या छात्राध्यापकांची संख्या घटली, असें कोणी म्हणाल्यास कोणती परभणी, हें प्रथम विचारावें.

आतां अलीकडील काळाकडे वळूं. पूर्वीची डी.एड्. ही पदविका आज डी.एल्.एड्. या नांवानें ओळखली जाते. एका विद्यालयाचे नवे विद्यार्थी किती, या प्रश्नास येथें एक नव्हे, चार उत्तरें असतात. मान्यतेंत मंजूर झालेल्या जागा, हें पहिलें. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांत एका तुकडीस ५० जागा धरल्या आहेत. प्रवेशफेरींत मिळालेलीं नांवें, हें दुसरें. हजेरीपटावरील नांवें, हें तिसरें. परीक्षेस प्रत्यक्ष बसलेले विद्यार्थी, हें चौथें. हे चारहि आंकडे खरे असूं शकतात. पण त्यांतील एक घेऊन दुसऱ्याचें नांव त्यास दिलें, कीं तो खोटा होतो. २०११ पासून उच्च शिक्षणाचें अखिल भारतीय सर्वेक्षण असल्या संस्थांची माहिती मागवूं लागलें व आरंभीं त्यासाठीं ३० सप्टेंबर हा दिवस ठरविला, हें योग्यच झालें. परंतु तो तक्ता संस्था स्वतःच भरते. मुळाशीं साक्षीदार आणि पक्षकार एकच राहतो.

असा एकच साक्षीदार किती महागांत पडतो, हें २०११ सालीं शेजारच्या नांदेडनें दाखविलें. तेथें शाळांचे पट अचानक तपासले गेले, आणि एक लक्षाहून अधिक नांवें अशीं निघालीं कीं ज्यांच्यामागें मूल नव्हतें. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत साऱ्या महाराष्ट्रांत पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलें जाऊं नये म्हणून मुलांच्या बोटांस मतदानाची शाई लावली. त्या दिवशीं गैरहजर असलेलें प्रत्येक मूल बनावट होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. कोणी आजारी असेल, कोणी परगांवीं गेलेलें असेल. परंतु पट आणि बांक यांतील अंतर झांकण्यासारखें राहिलें नाहीं. या पटाचा आणि छात्राध्यापकांचा संबंध अगदीं निकटचा आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें पांचवीपर्यंत सामान्यतः ३० मुलांमागें एक शिक्षक धरला आहे. तीस खोटीं नांवें म्हणजे एक खोटी जागा. आणि खोट्या जागांच्या आशेवर खरे तरुण फी भरून दोन वर्षें अध्यापनविद्या शिकत होते. पट फुगला तेव्हां विद्यालयें वाढलीं. पट फुटला, भरती थांबली, आणि पदविका हातांत घेऊन उभे राहिलेल्या तरुणांची गणती कोणत्याच तक्त्यांत आली नाहीं.

विद्यालयांचीहि तपासणी झाली, पण ती न्यायालयाच्या दाराशीं गेल्यावर. महाराष्ट्रांतील डी.एड्. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला, २०११ सालीं न्यायमूर्ति जे. एस्. वर्मा यांचा आयोग नेमला गेला आणि २०१२ सालीं त्याचा अहवाल आला. प्रत्यक्ष पाहणींत बहुतेक संस्था निकषांस उतरल्या नाहींत. कागदावर मात्र त्या सर्व उतरल्या होत्या! पुढें शिक्षक पात्रता परीक्षेंतहि तोच धडा मिळाला. मूळ उत्तरपत्रिकेंतील गुण आणि जाहीर झालेला निकाल हे शेजारीं ठेवल्यावर अपात्रांस पात्र ठरविल्याचें उघडकीस आलें, व २०२२ सालीं ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

या सर्वांतून आम्ही एकच निष्कर्ष काढतों. ज्याचा लाभ आंकडा वाढण्यांत आहे त्याच्याच सहीनें तो आंकडा खरा ठरतां कामा नये. प्रवेशाची यादी, हजेरीपट आणि परीक्षेची यादी हीं तीन निरनिराळ्या हातांनीं लिहिलेलीं कागदपत्रें जिल्ह्याच्या ठिकाणीं दरवर्षीं एका टेबलावर यावींत, त्यांतील अंतर छापलें जावें, आणि अंतराचें कारणहि छापलें जावें. यास फार खर्च लागत नाहीं. आंकडा कमी निघाला तर तो सोसण्याचें धैर्य मात्र लागतें.

फसलीच्या काळीं परवानगीवांचून शिकविणारा परभणीचा पंतोजी असून तक्त्यांत नव्हता. आमच्या काळीं पटावर नांवें होतीं आणि बांकावर कोणी नव्हतें. खऱ्यास गाळणारा तक्ता आणि खोट्यास सामावणारा तक्ता, या दोहोंपासून होणारी हानि एकाच ठिकाणीं पोंचते: शिक्षकाची वाट पाहत बसलेल्या गांवच्या पोरापाशीं. इतिहासकारानें तक्ता अवश्य वाचावा. पण वाचतांना त्या पोराकडे एक डोळा ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.