चिमणी, सुगरण की मुनिया? ओळखायचं कसं

दरवर्षी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनी, ठिकठिकाणी चिमण्या मोजल्या जातात. पण दिसेल ते लहान तपकिरी पाखरू ‘चिमणी’ म्हणून लिहिलं, तर गावातली खरी चिमणी कमी झाली तरी आकड्यात ते दिसत नाही. बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत घोळ होतो तो मुख्यतः या चार पाखरांत. रंगाआधी चोच, शेपूट आणि पाठ बघावी.

चिमणी (मादी) : पाठीवर गडद रेघा, पोट मळकट पांढरं, त्यावर रेघा नाहीत. डोळ्यामागे फिकट पट्टा. नराच्या गळ्यावर काळा डाग. वावर घरांजवळ.

सुगरण : पावसाळ्यात नराचं डोकं पिवळंधमक होतं, तेव्हा चूक होत नाही. एरवी नर-मादी दोघंही चिमणीच्या मादीसारखे. मात्र चोच जास्त जाड, शेपूट आखूड. शेतात, गवतात थव्याने.

रानचिमणी : पाठ साधी, बिनरेघांची. पंखावर दोन पांढरे पट्टे, नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका. घरटं झाडाच्या ढोलीत. सलीम अलींना लहानपणी पक्ष्यांची गोडी लागली ती याच पाखरामुळे.

मुनिया (पांढऱ्या गळ्याची) : चिमणीहून लहान. चोच जाड, राखाडी. शेपूट काळी, टोकदार. मुनिया पकडून पिंजऱ्यात विकतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

ओळख पटलीच नाही, तर ‘अनोळखी’ अशी नोंद करावी. अंदाजाने ‘चिमणी’ लिहू नये.