हीव, कणकण आणि तापमापक

लहान मुलाच्या तापाचा इतिहास लिहावयाचा तर दप्तरखान्याआधी माजघरातील बोलीकडे वळावे लागते. क्लिफर्ड ऑल्बट यांचा आखूड तापमापक १८६७ च्या सुमाराचा. मराठी घरांत तो पुष्कळ उशिरा पोहोचला. तोवर मोजमाप शब्दांचेच होते : अंगात कसर, मग कणकण, मग ताप भरणे, चढणे व अखेरीस अंग फणफणणे. आईचा हात कपाळाला लागला की यांपैकी एक शब्द उमटे आणि लंघन, काढा की वैद्य हे त्यावरून ठरे.

यांत 'हीव' हा शब्द सर्वांत मोलाचा. संस्कृत 'हिम' पासून आलेल्या या शब्दाने थंडी वाजून येणारा ताप निराळा काढला. 'हिवताप' ही संज्ञा त्याच निरीक्षणावर उभी आहे. मुंबईत त्या तापाचे मूळ चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरींतील डासांपर्यंत नेले, आणि विहिरी बुजविण्यावरून धार्मिक भावना दुखावल्या. अंधेरी तेव्हा शहराबाहेर, साष्टीत होती. महानगरपालिकेच्या हद्दीत ती १९५० साली आली.

हाताची ही पारख अगदीच टाकाऊ नव्हती. हाताला ताप लागला नाही तर तो बहुधा नसतो. लागला तर असतोच असे मात्र नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाबाबत तर 'कणकण' या शब्दावर भिस्त ठेवणे घातक होय. तेथे पारा १००.४ अंशांवर गेला की घड्या ठेवीत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.