सौर फिल्म (खिडकीची)

खिडकीच्या काचेवर चिकटवायचा पॉलिएस्टरचा अतिपातळ पापुद्रा. बोलीभाषेत ‘काळी फिल्म’. उन्हातून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. त्यामुळे गडद फिल्म म्हणजे गार खोली, हा समज चुकीचा. नुसत्या रंगवलेल्या फिल्मा उष्णता शोषतात. काच तापते आणि त्यातली काही धग आत येतेच. धातूचा मुलामा दिलेल्या फिल्मा ऊन परतवतात. सिरॅमिक फिल्मा अवरक्त किरण अडवूनही उजेड बराच आत येऊ देतात. त्या महाग असतात. चांगली फिल्म सुमारे 99 टक्के अतिनील किरण रोखते, म्हणून पडदे, सोफे लवकर विटत नाहीत.

काच स्वच्छ धुऊन, साबणाचे पाणी फवारून फिल्म बसवतात आणि रबरी पट्टीने मधले पाणी व बुडबुडे कडेला ढकलतात. धुळीचा एक कण राहिला तरी तिथे कायमचा फुगा दिसतो. उष्णता शोषणाऱ्या फिल्ममुळे दुहेरी काच असमान तापून तडकू शकते. आरशासारखी फिल्म दिवसा आडोसा देते. रात्री आत दिवा लागला की बाहेरून सारे दिसते.

मोटारीच्या काचांवरील काळ्या फिल्मांना सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मनाई केली. तो आदेश घरांना लागू नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या पश्चिमेच्या खिडकीला ही फिल्म उपयोगी, पण खिडकी उघडताच तिचा उपयोग संपतो. उघड्या खिडकीला बाहेरचे छज्जे आणि वाळ्याचे पडदेच सरस.