विणावयाच्या सुया

वणी गांवाचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे, तें वणीच्या ताम्रपटामुळें. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचें हें शके ७३० चें दानपत्र मयूरखंडीहून दिलेलें आहे. आणि मयूरखंडी म्हणजे सप्तशृंगासमोरचा मार्कंड्या डोंगर, असें अनेक पंडित मानतात. तांबें टिकलें म्हणून तें दान आपणांस ठाऊक आहे. त्या काळीं ताडपत्रावर जें लिहिलें गेलें असेल, त्याचा मागमूसही उरला नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत वणीस एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों असतां हें पुन्हा आठवलें, तें एका पत्र्याच्या डब्यावरून. घरच्या वृद्ध आजींनीं त्यांत विणावयाच्या सुया जपून ठेवल्या होत्या: पोलादाच्या बारीक पांच, पिवळी पडलेली हाडाची एक जोडी, सेल्युलॉइडची एक आणि ॲल्युमिनियमच्या दोन.

मराठींत मागावरचें काम व सुयांवरचें काम या दोहोंसही ‘विणणें’ हाच शब्द आहे. परंतु दोहोंचीं कुळें निराळीं. पैठणी काय किंवा धनगरी घोंगडी काय, दोन्ही मागावरच्या. एकाच धाग्याचे फांसे एकमेकांत गुंतविण्याची कला इकडे युरोपीय लोकांबरोबर आली आणि एकोणिसाव्या शतकांत मिशनरी स्त्रियांच्या मुलींच्या शाळांतून पसरली. तिचे फार जुने नमुने मात्र इजिप्तमधले सुती मोजे होत. ते अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानतात. ते कशाच्या सुयांवर विणले, हें ते मोजे सांगत नाहींत. इ. स. १४०० च्या सुमारास जर्मन चित्रकार बर्ट्राम याच्या नांवावर असलेल्या वेदीचित्रांत मेरी बाळाचा अंगरखा चार सुयांवर विणीत बसली आहे. तेथेंही सुया उरल्या त्या चित्रापुरत्याच.

डब्यांतल्या सुया पारखूं लागलों, तों प्रत्येकीचा स्वभाव वेगळा दिसला. पोलादाची सुई बारीक असूनही सहसा वांकत नाहीं, म्हणून बारीक सुताचे मोजे तिच्यावर साधतात; पण पावसाळ्यांत तिला गंज धरतो आणि पौषांत ती बोटांस झोंबते. हाड हातास ऊबदार लागतें, परंतु ठिसूळ. शिवाय जनावराच्या हाडाहून सुई लांब होणार कशी? श्रीमंतांघरचें हस्तिदंत याहून गुळगुळीत. पण त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचें १९८९ सालीं ठरलें, हें योग्यच झालें. १८७० च्या सुमारास निघालेलें सेल्युलॉइड रंगीत व स्वस्त, पण विस्तवाजवळ धोक्याचें. ॲल्युमिनियम काढण्याची विजेची रीत १८८६ सालीं हॉल व एरू या दोघांनीं स्वतंत्रपणें शोधिली, तेव्हां तो धातु स्वस्त झाला. त्याच्या सुया हलक्या, गंज न चढणाऱ्या, मात्र बोटें व पांढरी लोकर काळवंडविणाऱ्या.

“यांतली सर्वांत चांगली कोणती?” असें आम्हीं विचारलें.

आजी हंसल्या. “अहो, ती यांत नाहींच!”

मग त्यांनीं सांगितलें कीं, घरांत पैशाची ओढ असतां त्या वेळूच्या कामट्या कांचेच्या तुकड्यानें तासून, खोबरेल चोळून सुया करीत. लोकर त्यांवरून घसरत नाहीं. नवशिक्या मुलीच्या हातून टांका सुटत नाहीं. थंडींत बोटें गारठत नाहींत. पांच मुलांच्या कानटोप्या नि बंड्या त्यांवरच झाल्या. टोंक फुटलें कीं सुई चुलींत जाई. पोलादाच्या सुया सणासुदीच्या कामासाठीं. म्हणूनच त्या अभंग राहिल्या.

येथें आम्हांस ताम्रपटाचा अर्थ नव्यानें कळला. जें टिकतें तेंच पुष्कळ वापरलें गेलें, असें समजण्याची चूक इतिहास लिहिणाराकडून सहज होते. संग्रहालयांत हस्तिदंती सुया दिसतील. ज्यांवर मुलें ऊब पावलीं त्या दिसणार नाहींत, आणि त्या करणाऱ्या स्त्रियांचीं नांवेंही नाहींत. वाचकांच्या घरीं अशी एखादी वेळूची सुई अजून असेल, तर ती चुलीपासून वांचवावी. आणि कोणी, कोणासाठीं वापरली, तें चार ओळींत लिहून तिच्याजवळ ठेवावें. आमच्या आग्रहावरून आजींनीं एक नवी सुई तासून डब्यांत ठेविली आहे. चिठ्ठी मात्र अजून लिहावयाची आहे, त्या म्हणतात, “त्यांत लिहिण्यासारखें काय आहे?”