कडवटपणाची साक्ष : पेल एल आणि १८५२ चा विषसंशय

१/ १८५२ च्या वसंतात इंग्लंडमध्ये एका बातमीने खळबळ उडवली. पॅरिसचे रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांच्या व्याख्यानाच्या हवाल्याने असे छापले गेले की, फ्रान्समध्ये बनणारे स्ट्रिक्निन इंग्लंडला जाते आणि तेथील कडू बिअरमध्ये मिसळले जाते. स्ट्रिक्निन हे काजऱ्याच्या, म्हणजेच कुचल्याच्या बियांतील जहाल विष. हा वृक्ष कोकणच्या रानांतही आढळतो.

२/ संशयाचा रोख होता पेल एलवर. लाकडाच्या धुराऐवजी कोकच्या स्वच्छ आचेवर माल्ट वाळवता येऊ लागले, तेव्हा फिकट रंगाची ही बिअर शक्य झाली. तिचा कडूपणा हॉप्स या वेलीच्या फुलांतून येतो. हॉप्समुळे बिअर लवकर नासत नाही, म्हणून लांबच्या सागरी प्रवासासाठी ते अधिक घातले जात.

३/ असाच एक लांबचा प्रवास हिंदुस्थानचा. लंडनच्या बो भागातील हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान खासगी व्यापारासाठी नेत. १८२० च्या दशकात बर्टन गावचे ऑल्सप आणि बास या व्यापारात उतरले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम विपुल. त्याने हॉप्सचा कडूपणा अधिक स्पष्ट उमटतो. पुढे हीच चव मायदेशातही लोकप्रिय झाली.

४/ लोकांनी अफवेवर विश्वास का ठेवला? कारण भेसळ ही तेव्हा रोजचीच बाब होती. १८२० मध्ये फ्रेडरिक आकुम यांनी अन्नभेसळीवरील ग्रंथात बिअरमध्ये काकमारीच्या बिया घातल्या जात असल्याचे दाखवले होते. मासे गुंगवण्यासाठी वापरले जाणारे हे फळही हिंदुस्थानातूनच जाई. काकमारी चालत असेल, तर काजरा का नाही?

५/ ऑल्सप कंपनीने दोन नामवंत रसायनशास्त्रज्ञांना पाचारण केले. एक थॉमस ग्रॅहम; वायूंच्या विसरणाचा त्यांचा नियम आजही महाविद्यालयांत शिकवला जातो. दुसरे ऑगस्ट हॉफमान. त्यांच्याच प्रयोगशाळेतील विद्यार्थी पर्किन याला १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंग गवसला.

६/ त्यांचा पहिला पुरावा जिभेचा होता. हॉप्सचा कडूपणा तत्काळ जाणवतो, त्याला सुगंधाची जोड असते आणि तो ओसरतो. स्ट्रिक्निनचा कडूपणा मागाहून येतो आणि जिभेवर रेंगाळत राहतो. शिवाय बिअरला नेहमीइतका कडूपणा येईल एवढे विष घातले, तर ती पिणाऱ्याच्या जिवावरच बेतेल. गिऱ्हाईक मारून कोणता धंदा चालतो?

७/ पण चव हा न्यायालयात टिकणारा पुरावा नव्हे. म्हणून त्यांनी अर्ध्या गॅलन बिअरमध्ये मुद्दाम अर्धा ग्रेन स्ट्रिक्निन मिसळले आणि ते परत काढून दाखवले. हाडांचा कोळसा विष शोषून घेई; कोळसा अल्कोहोलमध्ये उकळला की ते सुटे. अखेरीस गंधकाम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट घालताच गडद जांभळा रंग उमटे. विष घातलेल्या बिअरमध्ये तो उमटला. तपासलेल्या पेल एलमध्ये उमटला नाही.

८/ ऑल्सपने या अहवालाची जाहिरात केली आणि भीती विरली. ज्याची परीक्षा होती, त्यानेच परीक्षक नेमले होते, हे विसरता येत नाही. तथापि पद्धत उघडपणे प्रसिद्ध झाल्याने कोणालाही ती पडताळता येत होती, हेच तिचे बळ. १८६० मध्ये ब्रिटनने अन्नभेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा केला.

९/ आज पेल एल चाखणारा जाणकार आधी सुगंध घेतो, मग कडूपणा कधी येतो, किती टिकतो आणि कसा ओसरतो, हे पाहतो. १८५२ मध्ये हेच प्रश्न रसिकतेचे नव्हते. उत्तर चुकले असते, तर प्रश्न जिवाचा होता.